पूजेला न बसणारा दगड

१

धार कशी लावावी, याबाबत दोन सुतारांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. आमच्याकडे तर अकरा सुतार होते.

मद्रासजवळची गिंडीची औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती. तिथल्या आमच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने तयार व्हायचे. सागवानाचा नमुना आम्ही करायचा, ओतारी तो वाळूत दाबून साचा घेणार, आणि त्या साच्यात लोखंड ओतणार. नमुना केसभर चुकला तर पंपाचं अख्खं धूड चुकतं, म्हणून काम सगळं हाताचं आणि पटाश्या सगळ्या वस्तऱ्यासारख्या. कोल्हापूरला ओतकामाच्या कारखान्यात सहा वर्षं काढून मी १९६२ साली इथे सुपरवायझर म्हणून आलो. तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये ब्रह्मचाऱ्यांच्या गर्दीत राहायचो, सकाळी बसने गिंडीला यायचो आणि दिवसभर मोजमाप करायचो. मोजण्याचा मला नाद आहे. माझी आई म्हणायची, हा पोळीसुद्धा मोजून गोल आहे का ते बघून खातो.

मालक नारायणस्वामी यांनाही मोजण्याचा नाद होता, पण वेळ मोजण्याचा. एक दिवस घड्याळ घेऊन ते दारात उभे राहिले. दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं की दर सुतार रोज चाळीस मिनिटं धार लावण्यात घालवतो, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. कोणी एमरीच्या चाकावर, कोणी तेलाच्या दगडावर, कोणी नुसत्या चामड्यावर. "एक पद्धत निवडा. दसऱ्यापासून सगळ्यांनी तीच वापरायची."

मला काम आवडलं. अशा भांडणात आकड्यांसारखा दुसरा पंच नाही, असं मला त्या वेळी मनापासून वाटायचं.

२

बारा नव्या पटाश्या घेतल्या. एकाच कारखान्याच्या, एकाच पोलादाच्या, इंचभर रुंद. चार चाकावर, चार तेलाच्या दगडावर, चार राणोजींच्या दगडावर.

राणोजी आमच्यातले सर्वांत जुने कारागीर, अठ्ठावन्न वर्षांचे. घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी गेलेली मराठी माणसं ती, त्यांची मराठी ऐकली की मला जुन्या पोथीतून कोणी बोलतंय असं वाटायचं, मधेच तमिळ यायचं आणि मग पोथी मिटायची. त्यांना माझी मराठी हसू आणायची. "सार, तुमची मराठी कागदाची. सुरकुती नाहीं तिला," असं एकदा म्हणाले होते.

त्यांचा दगड करड्या रंगाचा, वीतभर लांब, पाण्यावर चालणारा. बापाकडून आलेला. पहिल्या दिवशी मी तो हातात घेतला आणि त्याच्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरली. पट्टीखालून उजेड आला नाही.

ज्याला या कामातलं काही कळत नाही त्याला यात वावगं वाटणार नाही. पण धारेचा प्रत्येक दगड मधोमध झिजतो. महिन्याभरात त्याला खोलगा पडतो, मग काचेवर वाळू टाकून तो पुन्हा सपाट करावा लागतो. हा दगड दोन पिढ्या रोज वापरात होता आणि काचेसारखा सपाट होता.

"कधी सपाट करता?" मी विचारलं.

"कधीं नाहीं."

"मग झिजत कसा नाही?"

राणोजींनी दगड माझ्या हातातून काढून घेतला. घाईने नाही, पण काढूनच घेतला. "झिजतें, सार. अस्कं झिजतें." अस्कं म्हणजे सगळंच. "धार मीच लावीन. दुसरा हात नोको त्याला."

कठीण जातीचा दगड असेल, अशी मी मनाची समजूत घातली. व्हर्नियरने जाडी मोजून वहीत लिहिली: एक इंच, एकशेपंचवीस हजारांश. मग सागवानाच्या आडव्या रेषांवर पटाश्या चालवायला लागलो. चाकावरची धार चाळीस कापांत गेली. तेलाच्या दगडावरची नव्वदला. राणोजींच्या दगडावरच्या धारेचे तीनशे काप मोजले आणि माझाच खांदा दुखायला लागला. हात राणोजींचा म्हणून असेल, अशी शंका घेऊन मी त्यांच्याच हातून तेलाच्या दगडावरही धार लावून घेतली. ती पंच्याऐंशीला गेली. म्हणजे गुण हाताचा नव्हता.

आठवड्याने पुन्हा सगळे दगड मोजले. तेलाचा दगड चार हजारांश कमी झाला होता. राणोजींचा दगड एकशेसत्तावीस भरला. दोन हजारांशांनी जास्त. मी व्हर्नियर पुसला, पुन्हा मोजलं, तेच आलं. दगड पाणी पितो, फुगला असेल, असं वहीत कंसात लिहून ठेवलं.

३

कारखान्यात राणोजींचा जावई होता, वेंकोबा. सव्वीस वर्षांचा, तल्लख, हाताने गुणी. अकरा जणांत सासऱ्याच्या तोडीचा तोच एक. राणोजींना मुलगा नव्हता, एकुलती मुलगी तुळजा ती वेंकोबाला दिलेली. तेव्हा दगड पुढे कोणाकडे जाणार हे उघड होतं, आणि राणोजी तो त्याला शिवूही देत नव्हते.

"मामा मला पराया समजतात, सार," वेंकोबा मला म्हणाला. "पोरगी दिली, दगड देत नाहींत. सगळा कारखाना हसतो मला. भिलाईला जागा आहे, मी जातों तिकडं."

तो गेला असता तर तुळजाही गेली असती. राणोजींची बायको कधीच वारलेली, घरात मग राणोजी एकटे. हे सगळं त्यांना कळत होतं. तरी ते दगड देत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर कडुनिंबाखाली डबे उघडायचे. राणोजी आतच थांबायचे. मी माझ्या फळ्यांच्या केबिनमध्ये दहीभात खात बसलो की पलीकडून आवाज यायचा. ओल्या दगडावर पोलाद फिरतं तेव्हा एक खरखर असते, पुढे जाताना बारीक आणि मागे येताना जरा जाड. धारेचं काम करणारा माणूस डोळे मिटून ती ओळखतो. आधी ती खरखरच असायची. मग सुट्टी संपत आली की आवाज बदलायचा. मऊ व्हायचा. खरखर जाऊन नुसती घसट उरायची, भिजलेल्या हाताने कोणी ओटा पुसतंय तशी. तेवढ्यात भोंगा व्हायचा आणि आवाज थांबायचा.

आणि राणोजी चमच्याने जेवत. मद्रासेत १९६२ साली एक सुतार चमच्याने सांबारभात खातो, हे मी आधी लक्षात घेतलं नाही. लक्षात आलं तेव्हा वाटलं, असते एकेकाची तऱ्हा.

त्याच आठवड्यात प्रॉव्हिडंट फंडाचे कागद भरायचे होते. सहीशिवाय अंगठाही लागायचा. राणोजींनी मोडीत झोकदार सही केली, शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. निळा लंबगोल उठला. त्यात एकही रेघ नव्हती.

"घासलेत," ते म्हणाले आणि हात खांद्यावरच्या तुंडूत, म्हणजे त्या लांब पंच्यात, गुंडाळून घेतले. गवंड्यांच्या, धोब्यांच्या अंगठ्याच्या रेघा जातातच. मी मान डोलावली. पण त्या कागदाकडे माझी नजर दिवसभरात तीन-चारदा गेली.

४

महाळयाच्या पंधरवड्यात तुळजाने मला घरी बोलावलं. सैदापेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, राणोजी आणि मुलगी-जावई एकत्र राहत. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत तिने पितळी डबऱ्यात, म्हणजे तिथल्या खोलगट वाटीत, कॉफी आणली. रविवार होता; वेंकोबा बाहेर गेला होता, राणोजी मागे विहिरीवर.

"सार, तुम्हीच सांगा अप्पांना," ती हळूच म्हणाली. "हे रोज तेंच बोलतात, भिलाई, भिलाई. अप्पा ऐकत नाहींत. काय आहे त्या दगडांत? मेला दगड! माझ्या घराहून मोठा झाला?"

तिचे डोळे भरून आले. मला त्या पोरीची दया आली आणि राणोजींचा रागही. हातचं राखून शिकवणारे पुष्कळ कारागीर मी पाहिले होते. विद्या मसणात घेऊन जातील पण पोराला देणार नाहीत. राणोजी त्यातले नसतील असं वाटलं होतं.

बसपर्यंत पोचवायला राणोजी माझ्याबरोबर आले. वाटेत थांबले.

"रिपोर्टांत काय लिहिलांत?"

"लिहायचाय. तुमचा दगड सगळ्यांत सरस आहे, राणोजीराव. त्याच्या खाणीचा पत्ता लागला तर तसलेच मागवू. तोवर कारखान्यात हाच सगळ्यांनी वापरावा असं माझं मत आहे. तुम्हाला मान मिळेल, वेंकोबाचाही रुसवा जाईल."

"वाईट आहे म्हणून लिहा."

"खोटं कसं लिहू?"

"एक खोटें, सार. मी काय मागटलों तुमच्याकडं आजवर?" ते जवळ आले. "माझ्यासाठीं नोको. माप्पिळ्ळैच्या हातांसाठीं." जावयाला ते तमिळमध्ये माप्पिळ्ळैच म्हणायचे.

"हातांना काय होतं?"

त्यांनी हात तुंडूत आणखी आत ओढून घेतले. सांगावं असं त्यांना वाटत होतं, हे मला आज कळतं. तेवढ्यात बस आली आणि मी चढलो.

रिपोर्ट मी खराच लिहिला. आकडे माझ्या बाजूने होते.

५

खंडेनवमीला आमच्याकडे कोल्हापुरात हत्यारं पूजतात, पण मद्रासेत आयुधपूजा म्हणजे काय थाट असतो ते त्या वर्षी पाहिलं. आदल्या दिवशीच कारखाना धुऊन काढला. सकाळी लांब बाकावर केळीचं पान अंथरून करवती, रंधे, पटाश्या मांडल्या, प्रत्येकाला गंध आणि कुंकू. चाकालाही हार. मुरमुरे आणि फुटाण्यांची रास, दाराशी फोडायला कोहळा. एकदा हत्यार पूजेला बसलं की त्या दिवशी त्याला कोणी शिवायचं नाही. त्याची सुट्टी. विजयादशमीच्या सकाळी उठवायचं आणि ज्याने त्याने आपल्या हत्याराने पहिला हात मारायचा, म्हणजे वर्षभर बरकत.

राणोजींनी आपल्या पटाश्या मांडल्या. दगड मात्र तुंडूत गुंडाळून काखेला मारला.

"हा का नाही?" मी विचारलं.

"हा पूजेला बसत नाहीं. मी घरीं नेतों. दर वर्षी."

सगळे बघत होते. वेंकोबा तोंड फिरवून उभा होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी रिपोर्ट काढला आणि वाचून दाखवला. तमिळमध्ये तो कृष्णाजी फोरमनने समजावून सांगितला. राणोजींचा दगड यापुढे कारखान्याचा, आणि उद्या विजयादशमीची पहिली धार सगळ्यांनी त्याच्यावर लावायची. पहिला मान वेंकोबाचा. मालकांनी टाळ्या वाजवल्या. वेंकोबाचा चेहरा असा उजळला की मला स्वतःच्या न्यायबुद्धीचं कौतुक वाटलं. त्याने लगेच येऊन सासऱ्याच्या पायाला हात लावला.

राणोजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तुंडूचं मोकळं टोक नुसतं टेकवलं. मग दगड बाकाच्या मधोमध ठेवून ते मागे सरले. मी स्वतः त्याला गंध लावलं.

बाराच्या सुमारास सगळे पांगले. सकाळी लवकर उघडायला एक किल्ली मालकांनी वेंकोबाला दिली. दुसरीने मी दाराला कुलूप घातलं.

६

तीन वाजता मी परत आलो. वही केबिनमध्ये राहिली होती. सुट्टीच्या दिवशी वसाहत इतकी शांत असते की रस्त्यावर आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटतो. ऊन रणरणत होतं. कुलूप मी घातलं होतं तसंच होतं.

किल्ली लावणार तोच आतून आवाज आला. खरखर नाही. ती दुसरी, मऊ घसट.

उंदीर म्हणून बघितलं, पंखा म्हणून बघितलं. आवाज एका तालात होता, पुढे आणि मागे. मी दार सोडून कडेच्या खिडकीशी गेलो आणि लाकडी पट्ट्यांच्या फटीतून आत पाहिलं.

राणोजी बाकाशी बसले होते. कुलूप घातलं तेव्हा ते आतच राहिले असणार. पूजेतल्या पटाश्या, रंधे जागच्या जागी होते, कुंकू कुठेही हललेलं नव्हतं. राणोजींचे दोन्ही हात दगडावर पुढे जात होते, मागे येत होते, धार लावताना बोटांचा दाब असतो तसाच दाब, मनगट तसंच ताठ. त्यांच्या हातात पटाशी नव्हती. काहीच नव्हतं.

मी किती वेळ पाहत राहिलो ते आठवत नाही. मग कुलूप काढून आत गेलो. मला पाहताच त्यांनी हात तुंडूत घातले. ते रडत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर एक सुखावलेपण होतं, आणि मला बघून त्याची लाज वाटल्यासारखं झालं.

"त्याला बसवलांत, सार. तें बसत नाहीं. हात पाहिजे त्याला रोज. आज पोटभर दिलों, म्हणजे उद्यां माप्पिळ्ळैकडं जरा कमी मागेल."

दगडावर रक्त नव्हतं. पोलाद घासलं की दगडावर काळा गाळ येतो. इथे होता तो फिकट, पिवळसर, उगाळलेल्या चंदनाच्या गंधासारखा. गंध मीच लावलं होतं सकाळी, पण चिमूटभर. हा बाकावर ओघळला होता.

"हात दाखवा, राणोजीराव."

"नोको." आणि मग अगदी हळू, "तुळजाला सांगूं नोका. दोन महिने आहेत अजून तिला."

मी त्यांना रिक्षात बसवून दिलं. दगड उचलून कुठे तरी फेकून द्यावा असं मनात आलं, पण पूजेतलं हलवायचं नाही म्हणतात, आणि खरं कारण सांगतो, मला त्याला हात लावायचा नव्हता.

खोलीवर येईपर्यंत माझ्या बुद्धीने सगळं नीट बसवलं होतं. म्हातारा माणूस, मुलगा नाही, बापाची वस्तू हातची गेली, शेवटचा म्हणून दगड हाताने पुसत बसला होता. गंधात पाणी पडून ते पसरलं. सुखावलेपण काय, दुःखातही माणूस असा दिसतो. वेंकोबाला सांगायला मी सैदापेठेला जायला निघालो होतो, पण जाऊन सांगणार काय? वही उघडून बसलो. सकाळी मुहूर्ताच्या आधी पोचू, हुकूम मागे घेऊ, चाकाचा म्हणून नवा लिहू. मुहूर्त साडेसातचा होता. मी सहाची बस धरणार होतो. एवढं ठरवून मला शांत झोप लागली, आणि त्या झोपेची मला आजही लाज वाटते.

७

पावणेसातला मी पोचलो. दार उघडं होतं.

वेंकोबा साडेपाचलाच आला होता. पहिला मान मिळाला, या आनंदात त्याला घरी राहवेना. नवं धोतर, कपाळाला विभूती. त्याने स्वतःच्या सगळ्या पटाश्यांना धार लावली होती, मग कृष्णाजीच्या, मग रांगेने बाकी सगळ्यांच्या. बाकावर त्या ओळीने ठेवल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीत छताची कौलं दिसत होती.

राणोजी त्याच्यासमोर जमिनीवर बसून त्याचा दंड ओढत होते. बोटांनी नाही, दोन मनगटांच्या चिमट्यात धरून. तुंडू गळून पडला होता. त्यांच्या हातांकडे मी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"पोतुम, माप्पिळ्ळै, पोतुम," ते म्हणत होते. पुरे, पुरे.

वेंकोबाने मला पाहिलं आणि हसला. "या, सार! काय दगड आहे! उठावेंसेंच वाटत नाहीं." हात थांबले नव्हते. पुढे, मागे. आवाज अजून खरखरीचा होता, पण मधेच, दर चार-पाच फेऱ्यांनी, तो मऊ होत होता. पटाशी बाजूला ठेवून पुढची उचलण्याच्या मधल्या वेळात बोटं तशीच फिरत होती. त्याला ते कळतही नव्हतं.

मी त्याचे दोन्ही हात धरून वर उचलले. त्याला बळ लावून उचलावं लागलं. बोटांची टोकं गुलाबी, गुळगुळीत झाली होती, चकाकत होती. सव्वा तासात. त्याने ती पाहिली, अंगठा तर्जनीवर फिरवून पाहिला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू जरा गोंधळलं. "काय झालें मला?" त्याने सासऱ्याला विचारलं. लहान मूल विचारतं तसं विचारलं. आणि विचारता विचारता त्याचे हात माझ्या हातातून सुटून दगडाकडे निघाले.

"आतां सोडत नाहीं तें," राणोजी म्हणाले. "एकदां चव कळली."

"फेकून देऊ. अड्यारच्या नदीत टाकू!"

"मी टाकलों होतों, सार. कावेरींत." त्यांनी हनुवटीने दगड दाखवला. दगड समोर होता, हेच पुढचं होतं.

मी खाली बसलो. "मग काय करायचं? राणोजीराव, काय करायचं, सांगा. मी केलंय हे. माझ्या सहीने झालंय."

आधी त्यांनी मला सांगायचं टाळलं होतं, आताही टाळलं असतं. पण पाठीमागे वेंकोबाचा हात फिरायला लागला होता, आणि घरी तुळजा होती.

"एकट्यावर आलें कीं लौकर नेतें," ते म्हणाले. "माझ्या बापास भाऊ होता. दोघे वाटून हात देत होते, सत्तरीपर्यंत भात हाताने खाल्ले. मला कोण्ही नव्हतें." मग मान खाली घालून, "मी मागत नाहीं, सार. तुम्ही परके. लग्न व्हायचें आहे तुमचें."

बाहेर फाटकाशी माणसं यायला लागली होती. कोणी तरी नारळ आणले होते, हसण्याचे आवाज येत होते. मी उठून दारात गेलो आणि कृष्णाजीला सांगितलं की रिपोर्टात माझी चूक झाली आहे, आजपासून सगळ्यांनी चाक आणि तेलाचा दगड वापरायचा, पहिली धार मागच्या शेडमध्ये चाकावर लावा, आणि इकडे कोणी यायचं नाही. मी दार लावून आतून कडी घातली.

कोट काढून खुंटीला अडकवला. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. माझे हात मी असे कधी पाहिले नव्हते, ते उगाच पालथे-उताणे करून पाहिले. मला भीती वाटत होती, आणि राणोजींकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांना पुसता येत नव्हतं. मी माझ्या रुमालाने पुसलं.

"वेंकोबा," मी म्हणालो, "सरक जरा."

तो सरकला. मी बाकाशी बसलो, ओळीतली एक पटाशी उचलली, दोन बोटं तिच्या पाठीवर टेकवली आणि दगडावर पहिला हात मारला. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.